पान्यांवरचे क्रोम पुन्हा पुन्हा सुटते तेव्हा दोष कोणत्या थरात शोधावा

तक्रारीचे स्वरूप बहुधा ठरलेले असते. रिंग पान्यांचा एखादा लॉट चकचकीत निघतो, तपासणीत पास होतो, खोक्यांत भरून रवाना होतो आणि काही आठवड्यांनी कळते, की त्यातल्या काही नगांच्या कडांना क्रोमचे पापुद्रे सुटू लागले आहेत. मग क्रोमच्या टाकीतील द्रावण तपासले जाते, क्रोमिक ॲसिडचे प्रमाण वाढवले जाते, सल्फेट दुरुस्त केले जाते, कधी निकेलचा ब्राइटनरही (झळाळी आणणारे रसायन) बदलला जातो. पुढचे काही लॉट निर्दोष निघतात, उपाय लागू पडला असे सगळे धरून चालतात, आणि मग तोच दोष पुन्हा डोके वर काढतो. असा परतून येणारा दोष शोधण्याची एक पद्धत येथे मांडली आहे. विवेचन मुख्यतः प्लेटिंग लाइन सांभाळणाऱ्यांसाठी आणि माल तपासून घेणाऱ्यांसाठी आहे. मात्र निदानाचा भाग हत्यार वापरणाऱ्यालाही उपयोगी पडेल.

सुटलेला पापुद्रा वाचणे

पान्यावर जो चकचकीत मुलामा दिसतो त्याला सगळे क्रोम म्हणत असले, तरी त्यात क्रोमचा वाटा अगदी नाममात्र असतो. शोभेच्या आणि हातहत्यारांच्या कामात क्रोमचा थर साधारण ०.१ ते ०.५ मायक्रॉन जाडीचा असतो, तर त्याखालचा निकेलचा थर ८ ते २० मायक्रॉनचा, क्वचित त्याहून जाड असतो. गंजापासून संरक्षण, गुळगुळीतपणा आणि आरशासारखी झळाळी हे सर्व निकेलचे काम आहे. क्रोम त्यावर निळसर छटा, ओरखड्यांना विरोध करणारा कठीणपणा आणि काळे न पडण्याचा गुण तेवढा आणते. यातून पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष निघतो: नखाने उचलता येईल किंवा चिमट्यात धरता येईल असा पापुद्रा निव्वळ क्रोमचा असूच शकत नाही. तो निकेलचा आहे, आणि क्रोम त्याच्या पाठीवर बसून आले आहे. तरीही क्रोमची टाकी आधी दुरुस्त करण्याची सवय इतकी रुजलेली आहे, की पापुद्रा हातात असूनही तो उलटून पाहण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

तो उलटून पाहावा. दहा पट मोठे दाखवणारे साधे भिंग आणि एक पांढरा कागद एवढे साहित्य पुरते. पापुद्र्याची आतली बाजू आणि तो जेथून सुटला ती पान्यावरची जागा, अशा दोन्ही बाजू शेजारी-शेजारी ठेवून तिरप्या उजेडात पाहाव्यात. पान्यावर उघडे पोलाद दिसत असेल, म्हणजे पृष्ठभाग करडा, मंद आणि घासकामाच्या बारीक रेघा दाखवणारा असेल, आणि पापुद्र्याच्या आतल्या बाजूवर त्याच रेघांचा उलटा ठसा उमटलेला असेल, तर जोड पोलाद आणि निकेल यांच्यामध्ये फसला आहे. आतल्या बाजूस काळपट भुकटी असेल आणि ती कागदावर घासल्यावर करडा डाग पडत असेल, तर ॲसिडमध्ये जास्त वेळ राहिल्यामुळे तयार झालेली काजळी निकेलखाली अडकली आहे. दोन्ही बाजू लख्ख आणि किंचित पिवळसर असतील, तर निकेल निकेलपासूनच सुटले आहे. आणि पापुद्रा असा हाती लागतच नसेल, फक्त चमकदार पृष्ठभागावर पांढुरके ढग किंवा निळसर आणि पिवळसर रंगांची सीमारेषा दिसत असेल, तरच संशय क्रोमच्या थराकडे वळवावा. पिवळसर छटेची खात्री नसल्यास टाकाऊ नगावर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा एक थेंब टाकून पाहता येतो: क्रोम असलेल्या जागी बुडबुडे येतात आणि तेवढ्यापुरता निळसरपणा जाऊन पिवळसर निकेल उघडे पडते, तर आधीच उघड्या असलेल्या निकेलवर थेंब बराच वेळ निवांत पडून राहतो.

या चार निदानांवर पुढचा सारा मार्ग अवलंबून असल्यामुळे, दोषी नगांतले किमान काही नग न पुसता, तेल न लावता, पापुद्र्यासह बाजूला ठेवावेत. परत आलेला माल धुऊन-पुसून टेबलावर मांडला जातो तेव्हा पुराव्यातला अर्धा भाग फडक्यावर गेलेला असतो.

पोलाद आणि निकेल यांच्यामधला जोड

हातहत्यारांत बहुसंख्य तक्रारी येथेच सापडतात, आणि त्याचे कारण पोलादात आहे. पान्यांसाठी वापरले जाणारे क्रोम व्हॅनेडियम पोलाद साधारण ०.३ ते ०.५५ टक्के कार्बनचे असते, ते घडाईतून, पाणी देण्यातून आणि टेंपरिंगमधून (नंतरच्या मंद तापवणीतून) गेलेले असते, आणि प्लेटिंगला येईपर्यंत त्याच्या अंगावर भट्टीतले स्केल (ऑक्साइडची खपली), पाणी देताना वापरलेल्या क्वेंच तेलाचा जळका अंश, पट्ट्यावरच्या पॉलिशचे मेण आणि अपघर्षकाचे कण असे बरेच काही चढलेले असते. (पान्यावर कोरलेले ‘क्रोम व्हॅनेडियम’ हे या पोलादाचे वर्णन आहे, वरच्या मुलाम्याच्या दर्जाविषयी ते काहीही सांगत नाही, आणि खरेदी करणाऱ्यांचा येथे नेहमी घोटाळा होतो.) मऊ पोलादावर खपून जाणारी स्वच्छता अशा पोलादावर पुरत नाही.

स्वच्छतेची परीक्षा पाण्यानेच घ्यावी. ॲसिडच्या आधीच्या धुलाईनंतर नग पाण्याबाहेर काढून अर्धा मिनिट धरावा. पाण्याचा पडदा सर्वत्र अखंड राहिला तर ठीक; तो कोठे फाटला, कडेकडून मागे सरकला किंवा त्याचे थेंब झाले, तर त्या जागी तेलाचा अंश आहे. रिंग पान्यात हा पडदा बहुधा एकाच जागी फाटतो: रिंगच्या बाहेरच्या गोलाईला मानेशी जोडणाऱ्या खोलगट भागात, जेथे पॉलिशचे चाक नीट पोहोचत नाही आणि मेण साचून राहते. कोरलेल्या मापाच्या अंकांमध्येही तेच घडते. ही चाचणी ॲसिडनंतर घेऊ नये, कारण ॲसिडने ओला झालेला पृष्ठभाग तेल असतानाही काही क्षण अखंड पडदा दाखवू शकतो आणि खोटा दिलासा देतो.

पॉलिशचे मेण ताजे असताना गरम साबणी द्रावणात सुटते. दोन-तीन दिवस पडून राहिले की घट्ट होते आणि मग नेहमीची सोक क्लीनिंग (गरम द्रावणात भिजवत ठेवणे) त्याला पुरत नाही. सुट्टीनंतरच्या पहिल्या लॉटमध्ये पापुद्रे का वाढतात, याचे उत्तर कित्येकदा एवढेच असते. पॉलिश आणि प्लेटिंग यांत जितका कमी काळ जाईल तितके बरे, आणि जाणारच असेल तर सोकची वेळ आणि तापमान त्या मालापुरते वाढवणे भाग आहे.

त्यानंतरच्या इलेक्ट्रोक्लीनिंगमध्ये, म्हणजे विजेच्या साहाय्याने होणाऱ्या सफाईत, नग ॲनोड (धन अग्र) असावा, कॅथोड (ऋण अग्र) नसावा. कॅथोड केल्यावर हायड्रोजनचे बुडबुडे दुप्पट निघतात आणि घाण लवकर निघते हे खरे, पण तोच हायड्रोजन कठीण पोलादात शिरतो आणि द्रावणातल्या परक्या धातूंचा मऊ थर नगावर चढतो, ज्याच्यावर पुढे निकेल टिकत नाही. ॲनोड क्लीनिंगचीही एक अट आहे: ॲसिडच्या टाकीतून परत फिरणाऱ्या हुकांबरोबर क्लोराइड त्या द्रावणात येत राहिले, तर पोलादावर बारीक खड्डे आणि तपकिरी डाग पडू लागतात.

ॲसिड डिप हा सर्वांत कमी लक्ष दिला जाणारा आणि सर्वांत जास्त नुकसान करणारा टप्पा आहे. त्याचे काम पृष्ठभागावरची ऑक्साइडची पातळ साय काढून पोलाद जागे करणे, म्हणजे निकेल धरण्याजोगे करणे, इतकेच. स्केल आणि गंज काढण्याचे काम त्याच्या आधी शॉट ब्लास्टिंगने किंवा व्हायब्रेटरी मशीनमध्ये झालेले असले पाहिजे. ते झालेले नसले की कामगार नग ॲसिडमध्ये जास्त वेळ ठेवतात, लोह विरघळते, कार्बन विरघळत नाही, आणि तो काळ्या काजळीच्या रूपाने पृष्ठभागावर उरतो. ॲसिडमधून काढलेल्या नगावर पांढरा टिश्यू कागद फिरवून पाहावा. कागद काळा झाला तर त्या नगावर निकेल चढवण्यात अर्थ नाही. चढेल, चमकेल, तपासणीतही पास होईल आणि नंतर सुटेल. काजळी निघाली नाही तर नग पुन्हा ॲनोड क्लीनिंगमधून काढून, ॲसिडमध्ये अगदी थोडा वेळ बुडवून पुढे न्यावा. जास्त मिश्रधातूचे किंवा हट्टी पोलाद असेल तर निकेल क्लोराइड आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या वूड्स स्ट्राइक नावाच्या द्रावणातून पातळ पहिला थर देणे हा खात्रीचा मार्ग आहे, कारण त्या द्रावणात पृष्ठभाग जागा होणे आणि निकेल चढणे या दोन्ही क्रिया एकाच वेळी घडतात.

रॅकवर स्वार होऊन परत येणारा दोष

वरची सर्व कारणे दुरुस्त करूनही दोष अधूनमधून उगवत असेल, आणि विशेषतः कोणत्याही द्रावणाच्या तपासणीशी त्याचा मेळ बसत नसेल, तर रॅककडे, म्हणजे नग ज्याच्या हुकांवर लटकवून टाक्यांतून फिरवतात त्या सांगाड्याकडे, पाहावे. माझ्या मते वारंवार येणाऱ्या दोषांच्या चौकशीत सर्वांत आधी पाहण्याची आणि प्रत्यक्षात सर्वांत शेवटी पाहिली जाणारी गोष्ट हीच आहे.

रॅकच्या दांड्यांवर प्लास्टिसॉल या रबरासारख्या प्लास्टिकचे आवरण असते. हुकांच्या मुळाशी ते उष्णतेने आणि वापराने चिरते. अशी चीर बाहेरून केसाइतकी दिसते, पण तिच्या आत द्रावण शिरते आणि साध्या धुलाईत बाहेर येत नाही. क्रोमच्या टाकीतून बाहेर पडलेला रॅक धुतला जातो, माल उतरवला जातो, नवा माल चढतो, आणि चिरेत दडलेले क्रोमिक ॲसिड लाइनच्या सुरुवातीच्या क्लीनरमध्ये आणि तेथून निकेलमध्ये थेंबाथेंबाने झिरपत राहते. त्या ॲसिडमधले षट्‌संयुजी क्रोमियम निकेलच्या द्रावणात लिटरला काही मिलिग्रॅम एवढे जरी झाले, तरी खोलगट भागात निकेल न चढणे, काळपट पट्टे आणि पापुद्रे हे सारे दिसू लागते. पापुद्रे सगळ्या नगांना येत नाहीत. चिरलेल्या रॅकवरच्या, त्यातही चिरेच्या खाली लटकलेल्या नगांना येतात, आणि म्हणूनच टाकीच्या नमुन्यात फारसे काही सापडत नाही.

चिरलेला हुक ओळखणे अवघड नाही. धुतलेला रॅक पांढऱ्या फडक्यावर आडवा ठेवून आवरण अंगठ्याने हुकाच्या दिशेने दाबावे. पिवळा-नारिंगी ओघळ फडक्यावर उतरला की शोध संपला. (हातमोजे आणि चष्मा हवाच: क्रोमिक ॲसिड कातडीला जाळते आणि षट्‌संयुजी क्रोमियमची नोंद सिद्ध कर्करोगजनकांत आहे. तयार पान्यावरचे धातुरूप क्रोम हा वेगळा पदार्थ आहे, त्याला भिण्याचे कारण नाही.) असे रॅक लगेच बाजूला काढून नव्याने आवरण द्यावे. निकेलमध्ये आधीच शिरलेले क्रोमियम सोडियम बायसल्फाइटसारख्या क्षपणकाने त्रिसंयुजी करून, पीएच वाढवून, गाळून काढावे लागते. पण चिरलेले रॅक चालू ठेवून ही शुद्धी करणे म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणे आहे. लॉट काही काळ चांगले निघण्याचे आणि दोष परतण्याचे कोडे बऱ्याचदा येथे सुटते: शुद्धी केल्यावर द्रावण सुधारते, रॅक तसेच राहतात.

रॅकचा दुसरा दोष संपर्काचा आहे. हुकाच्या टोकावर निकेल-क्रोमची गाठ वाढली की नग सैल बसतो, हलताना वीज क्षणभर तुटते आणि पुन्हा जोडली जाते. ब्राइट (चमकदार) निकेलच्या टाकीत असे झाले की तोवर चढलेला थर काही क्षणांत निष्क्रिय होतो, म्हणजे त्यावर ऑक्साइडची अदृश्य साय येते, आणि त्यावरचा पुढचा थर त्याला धरून राहत नाही. दोन्ही बाजू लख्ख असलेला पापुद्रा आठवावा: तो असा तयार होतो. सेमीब्राइट (अर्धचमकदार) निकेलच्या टाकीतून ब्राइट टाकीत जाताना मध्ये होणारा उशीर, आणि वीज चालू असलेल्या टाकीत रॅक उतरवताना बसबारला (वीज देणाऱ्या दांड्याला) तो नीट न टेकणे, यांचाही परिणाम असाच होतो.

म्हणून दोषी नगांची नोंद करताना फक्त संख्या न लिहिता तो नग कोणत्या रॅकवर, कोणत्या ओळीत होता हे लिहावे. दोष सतत रॅकच्या एकाच जागी येत असेल तर तो संपर्काचा किंवा विजेच्या वाटणीचा आहे. रॅकवर कोठेही, पण पान्याच्या एकाच भागात येत असेल तर पॉलिश, स्वच्छता किंवा आकार यांचा आहे. एकाच भट्टीच्या किंवा पोलादाच्या एकाच लॉटमध्ये येत असेल तर प्लेटिंगच्या आधीचा आहे. आणि ठरावीक दिवसानंतर सगळीकडे येत असेल तर द्रावणाचा आहे. ही नोंद काही दिवस प्रामाणिकपणे ठेवली तर प्रयोगशाळेच्या कित्येक अहवालांपेक्षा जास्त बोलते. आणि दोष शोधत असताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. ब्राइटनर, ॲसिड आणि रॅक एकाच दिवशी बदलल्यावर दोष गेला, तर नेमका कशाने गेला हे कधीच कळत नाही आणि तो परतला तर चौकशी पहिल्यापासून करावी लागते.

निकेल ठिसूळ झाले असेल तर

पापुद्रा वाकवल्यावर काचेसारखा तुटत असेल, तर जोडाबरोबर निकेलच्या थरातला ताणही तपासावा. बहुतेक ठिकाणी वापरले जाणारे द्रावण ओलिव्हर वॅट्स यांनी १९१६ मध्ये मांडलेल्या सूत्राचेच वंशज आहे: लिटरला साधारण २५० ते ३०० ग्रॅम निकेल सल्फेट, ४० ते ६० ग्रॅम निकेल क्लोराइड आणि सुमारे ४० ग्रॅम बोरिक ॲसिड, ५० ते ६० अंश सेल्सिअस तापमान आणि ४ च्या आसपास पीएच. सूत्र सहनशील आहे, पण ब्राइटनर सहनशील नाही. त्याचे विघटन होऊन जमणारे सेंद्रिय अवशेष थराला ताण देतात, आणि झळाळी कमी झाली म्हणून वरून आणखी ब्राइटनर ओतला जातो, तेव्हा रोग आणि औषध एकच होऊन बसते. उपाय ॲक्टिव्हेटेड कार्बनचा आहे, अवशेष जास्त असल्यास आधी हायड्रोजन पेरॉक्साइड देऊन. तांब्याचा अंश असल्यास खोलगट भाग काळवंडतात. तो कमी विजेवर नालीदार पत्रा लटकवून काढता येतो.

द्रावणाची खरी स्थिती आकड्यांपेक्षा हल सेल या चाचणी-पेटीच्या पत्र्यावर चांगली दिसते. २६७ मिलिलिटरच्या त्या तिरक्या पेटीत ठेवलेल्या एकाच पत्र्यावर कमी विजेपासून जास्त विजेपर्यंतची सर्व स्थिती उमटते, आणि जास्त विजेच्या टोकाचा पत्रा वाकवल्यावर थर तडकला तर ठिसूळपणाची शंका पक्की होते. दर आठवड्याचा पत्रा तारीख घालून जपून ठेवावा. आजच्या पत्र्याला मागच्या महिन्याच्या पत्र्याशेजारी ठेवल्याशिवाय हळूहळू होणारी घसरण डोळ्यांना जाणवत नाही.

पापुद्रा नाही, पण गंज येतो

हा वेगळा आजार आहे आणि त्याला वेगळे औषध लागते. निकेल पोलादापेक्षा उदात्त, म्हणजे रासायनिकदृष्ट्या कमी क्रियाशील, असल्यामुळे थरात छिद्र राहिले, तर झिजते ते पोलाद. जस्ताप्रमाणे निकेल स्वतः झिजून पोलादाला वाचवत नाही. त्यामुळे संरक्षण सर्वस्वी थराच्या जाडीवर आणि अखंडपणावर असते. जाडीचा अंदाज सोपा आहे: दर चौरस डेसिमीटरला १ अँपिअर वीज दिली तर निकेल मिनिटाला सुमारे ०.२ मायक्रॉन चढते, म्हणजे ४ अँपिअरवर १५ मिनिटांत साधारण १२ मायक्रॉन. पण ही सरासरी झाली. जबड्याच्या बाहेरच्या कडेवर याच्या दुप्पट आणि जबड्याच्या आतल्या कोपऱ्यात याच्या चौथ्या हिश्शाइतकाच थर असू शकतो, आणि गंज सरासरी पाहून येत नाही. सॉकेटच्या आतल्या षट्‌कोनात तर क्रोम जवळजवळ पोहोचतच नाही आणि निकेलही नावापुरते असते. आयएसओ १४५६ या मानकातही किमान जाडीची अट पृष्ठभागाच्या फक्त त्या भागांना लागू होते, जेथे २० मिलिमीटर व्यासाचा गोळा टेकू शकतो. म्हणून सॉकेटच्या आत गंज दिसला म्हणून लॉट नाकारण्याआधी खरेदीच्या करारात त्या भागाविषयी काय लिहिले आहे ते पाहावे, आणि काहीच लिहिलेले नसेल तर पुढच्या करारात लिहून घ्यावे. निदान गंजरोधक तेलाची अट तरी असावी.

छिद्रे पाहण्यासाठी फेरॉक्सिल चाचणी हाताशी असावी. मीठ आणि पोटॅशियम फेरिसायनाइडच्या द्रावणात भिजवलेला गाळणकागद पान्यावर घट्ट बसवला, की जेथे पोलाद उघडे आहे तेथे काही मिनिटांत निळे ठिपके उमटतात. ठिपके विखुरलेले असतील तर थर पातळ आहे किंवा हायड्रोजनचे बुडबुडे चिकटून खड्डे पडले आहेत, जे ओलावक द्रव्य कमी झाल्याचे लक्षण आहे. ते एका रेषेत असतील तर घडाईतली घडी किंवा पॉलिशची खोल रेघ निकेलखाली तशीच राहिली आहे, आणि तिचा इलाज प्लेटिंगमध्ये नाही. जाडी मोजताना रंगाच्या थरासाठी वापरले जाणारे साधे चुंबकीय मापक वापरू नये, कारण निकेल स्वतः चुंबकीय आहे. एक्स-रे फ्लुओरेसन्स (क्ष-किरणांनी मोजण्याची) किंवा कुलोमेट्रिक (थर विजेने विरघळवून मोजण्याची) पद्धतच भरवशाची.

दमट किंवा खारट हवेत वापरल्या जाणाऱ्या हत्यारांना दुहेरी निकेल द्यावे. खालचे सेमीब्राइट निकेल जवळजवळ गंधकविरहित असते, वरचे ब्राइट निकेल गंधकयुक्त आणि म्हणून जास्त क्रियाशील असते. क्रोममधल्या छिद्रातून क्षरण आत उतरले तरी ते खालच्या थरापाशी अडते आणि वरच्या थरात आडवे पसरते, त्यामुळे पोलादापर्यंत पोहोचायला त्याला फार वेळ लागतो. त्याच जाडीच्या एकेरी ब्राइट निकेलपेक्षा याचा टिकाऊपणा स्पष्टपणे जास्त आहे, आणि जाडी वाढवण्यापेक्षा हा खर्च मला जास्त सार्थकी लागलेला दिसतो.

क्रोमचे स्वतःचे दोष

उरलेले थोडक्यात. पांढुरके ढग दिसले तर निकेल आणि क्रोम यांच्यामध्ये वेळ गेला आहे किंवा निकेल निष्क्रिय झाले आहे. धुलाई लवकर उरकावी आणि मध्ये सौम्य सल्फ्युरिक ॲसिडची डिप ठेवावी. कडा करड्या, खरखरीत झाल्या तर वीज जास्त किंवा तापमान कमी आहे. खोलगट भाग पिवळसर राहिला तर वीज कमी पोहोचते आहे, किंवा क्रोमिक ॲसिड आणि सल्फेट यांचे १०० ला १ हे गुणोत्तर सल्फेटच्या बाजूने ढळले आहे. इंद्रधनुषी डाग पडले तर बहुधा सल्फेट कमी पडले आहे. क्रोमच्या टाकीत कॅथोडची कार्यक्षमता फार कमी, १० ते २० टक्क्यांच्या घरात असते आणि खोलगट भागात पोहोचण्याची ताकद निकेलपेक्षा बरीच कमी, त्यामुळे रॅकवर नगांची दिशा बदलणे हा पुष्कळदा रसायनांपेक्षा स्वस्त आणि प्रभावी उपाय ठरतो.

पापुद्र्याऐवजी तडा गेला तर

हातहत्यारांचा कठीणपणा साधारण ४० ते ५० एचआरसी (रॉकवेल सी मापनानुसार), म्हणजे ताणबल १२५० मेगापास्कल आणि त्याहून वर असते, आणि या पातळीवरचे पोलाद हायड्रोजनने ठिसूळ होऊ शकते. असा पाना सुरुवातीला धड दिसतो आणि नंतर, कधी नुसता ताणाखाली असताना, तडकतो. ही सुरक्षेची बाब असल्यामुळे तिची चर्चा दिसण्याच्या दोषांत मिसळू नये. ॲसिडमधला वेळ कमी ठेवणे, कॅथोड क्लीनिंग टाळणे आणि प्लेटिंगनंतर काही तासांच्या आत १९० ते २२० अंशांवर पुरेसे तास भाजणे, हे यावरचे उपाय आहेत; तापमान टेंपरिंगच्या तापमानापेक्षा कमीच हवे. या भाजण्याचा एक आनुषंगिक फायदा असा, की जेथे जोड कच्चा आहे तेथे भट्टीतच फोड येतात आणि दोषी नग कारखान्याबाहेर जात नाहीत.

चिकटपणाची मुद्दाम चाचणी घ्यायची असल्यास नमुन्याचा तुकडा कापून त्याच्या कडेवर पोलादाकडून मुलाम्याच्या दिशेने, सुमारे ४५ अंशांत कानस चालवावी. चांगला थर कानशीबरोबर झिजतो. कच्चा थर उचलला जातो.

परत आलेल्या मालाचे काय करावे

वापरणाऱ्याच्या हातात असलेल्या पान्याचा पापुद्रा सुटला असेल, तर तो ब्लेडसारखा धारदार असतो हे लक्षात ठेवून पाना वापरातून बाजूला ठेवावा. सुटी कपची डोळ्यात किंवा उघड्या गिअरबॉक्समध्ये जाणे जास्त महागात पडते. इम्पॅक्ट गनवर क्रोमचे सॉकेट वापरल्याने पापुद्रे सुटले असतील तर दोष मुलाम्याचा नाही: त्या कामासाठी काळ्या फिनिशचे, तेवढे धक्के सोसणाऱ्या पोलादाचे सॉकेट असतात, आणि क्रोमचे सॉकेट तेथे फुटूही शकते. हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या किंवा ब्लीचच्या बाटल्यांशेजारी ठेवलेली हत्यारे गंजली असतील तरीही प्लेटरला बोल लावता येत नाही.

कारखान्यात परत आलेला लॉट नव्याने प्लेट करायचा ठरल्यास जुन्या क्रोमवर नवे निकेल कधीही चढवू नये. ते धरणार नाही. दोष फक्त क्रोमचा असेल तर तेवढे क्रोम हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये उतरवून, निकेल पुन्हा जागे करून नवे क्रोम देता येते. निकेल पोलादापासून सुटलेले असेल तर सगळे निकेल काढणे भाग आहे. उरलेला भाग घट्ट वाटतो म्हणून नुसत्या कडा घासून वर थर चढवला, तर तो थर पुन्हा त्याच कडेपासून सुटतो. पूर्ण उतरवलेल्या नगांचे माप जबड्याच्या रुंदीवर तपासावे, कारण उतरवणे आणि पुन्हा पॉलिश करणे यांत ते सहिष्णुतेबाहेर जाऊ शकते. दुसऱ्यांदा ॲसिडमधून गेलेल्या नगांचे भाजणे टाळू नये, आणि एकदा उतरवून पुन्हा प्लेट केलेला नग तिसऱ्यांदा लाइनवर न आणता भंगारात टाकावा.